दोन बाजा आणि एक मच्छरदाणी

मंडळी, आधीच सांगून टाकतो. मी नोकरीची सगळी वर्षं जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या खात्यात काढली. आमच्याकडे लातूर-नांदेडला बोअर घ्यायची म्हटली की लोक मशिनच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं खुंटी ठोकायची. मी त्या प्रत्येक नारळाला हसलेलो आहे. चकवा, मुंजा, अंगात येणं... घरातल्या बायकांनी माझ्यापुढे हे विषय काढणंच सोडून दिलं होतं. तेव्हा पुढचं वाचून कोणी 'काय हे काका, तुम्ही पण?' म्हणालात तर माझी हरकत नाही. मीही तेच म्हणालो असतो.

दुसरी गोष्ट — मी गे आहे. वय साठीच्या पुढे, मूळचा निलंग्याकडचा, शेतकरी घरातला, आता राहतो नांदेडला. ज्यांना हे वाचून अवघडल्यासारखं होतं त्यांनी इथंच थांबलेलं बरं. पुढे भुताचा भाग थोडा आहे आणि हा भाग जास्त.

तर लातूरपासून सुरू करतो, कारण बँकॉकला जे घडलं ते लातूरशिवाय कळणार नाही.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून सुटून नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. रोज नवी कचेरी उघडायची, रोज नवी पाटी लागायची, आणि एसटीतून वळकट्या घेऊन माझ्यासारखे नव्या नोकरीचे लोक उतरायचे. राहायला जागा कुठंच नाही. मला गंजगोलाईच्या, म्हणजे तिथल्या बाजाराच्या गोल चौकाच्या, मागच्या गल्लीत एका लॉजवर अर्धी खोली मिळाली. अर्धी म्हणजे सुंभाच्या दोन बाजांपैकी एक. दुसऱ्या बाजेवर मिलिंद होता.

मिलिंद औशाकडच्या एका खेड्यातला. बौद्ध घरातला, त्या घरात सरकारी नोकरी लागलेला पहिलाच. नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क. मोठ्यानं हसायचा आणि हसता हसता शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायचा. मी काही कोणी पाटील-बिटील नव्हतो, पण निलंग्याचा म्हटल्यावर त्यानं पहिल्या दिवसापासून मला 'पाटील' करून टाकलं. आमच्या घरी त्याच्या पेल्यातलं पाणी कोणी प्यालं नसतं. मी पहिल्याच आठवड्यात प्यालो. पुढे जे झालं त्याला त्या काळात आमच्यापाशी शब्दच नव्हता, आणि खरं सांगतो, शब्द नव्हता तेच बरं होतं.

लॉजवर कोणी काही विचारलं का? कध्धी नाही. दोन बाप्ये एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोलाईत फिरतात... यात विचारण्यासारखं काय? बाई आणली असती तर गल्ली गोळा झाली असती.

मग दुष्काळ पडला. टँकर पहाटे यायचा, तोही रोज नाही. खोलीत उकाड्यानं जीव जायचा म्हणून लॉजचं सगळं बिऱ्हाड बाजा घेऊन गच्चीवर झोपायला गेलं. आता तिथं आमची पंचाईत. वीसेक माणसांत दोन बाजा एकमेकीला चिकटवायच्या कशा? त्यावर मिलिंदनं तोडगा काढला, तो म्हणजे मच्छरदाणी. आमच्याकडे ती एकच होती. एकीखाली दोघांनी झोपायचं तर बाजा जोडायलाच पाहिजेत. कोण काय बोलणार?

शेजारच्या बाजेवर एक तलाठी असायचे. ते एकदा बोललेच. "ओ साहेब, गावात प्यायला पानी न्हाई, अन् तुमाला डास कुटून चावायलेत?"

मिलिंद तयारच होता. "पानी न्हाई म्हनूनच तर, तलाठीसाहेब. घरोघर पिंपं भरून ठेवलीत. डासाला पिंप म्हंजे विहीरच की." मीही पाण्याच्या खात्याचा माणूस या नात्यानं गंभीरपणे मान हलवली. तलाठी वळून झोपले.

पण मच्छरदाणीनं बाजा जोडण्याचं निभत होतं, पुढचं नाही. बाजा हलक्या, कूस बदलली की सरकायच्या आणि मध्ये फट पडायची. मिलिंद त्या फटीवर वाकळ लांबट घडी करून अंथरायचा आणि दिवे गेल्यावर खाली वाकून बाजांचे पाय सुतळीनं बांधायचा — एक गाठ उशाशी, एक पायथ्याशी. बाजा बांधून झोपणाऱ्याला कुठलंच कारण सांगता येत नाही. म्हणून गाठ पहाटे, कोणी उठायच्या आत, एका झटक्यात सुटली पाहिजे. बैलाच्या दाव्याला मारतात तशी सुरगाठ. टोक ओढलं की सुटली.

त्याच्या गाठीच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे, सुतळीच्या मोकळ्या टोकाला तो अजून एक बारीकशी गाठ मारून ठेवायचा, मण्यासारखी, अंधारात बोटाला लागावी म्हणून. दुसरी खोड माझ्या डोक्यात जायची. बांधण्याआधी तो सुतळी पेल्यातल्या पाण्यानं भिजवायचा. ओली सुतळी घट्ट बसते म्हणे. अरे, पण त्या दिवसांत! लोक अंघोळीचं पाणी झाडाला घालत होते आणि झाडाचं खालच्या कुंडीला.

"वाया चाललं की पाणी," मी कुजबुजायचो.

"वाया कुटं? सुतळी पिती. तुज्या खात्याला सांगू नको म्हंजे झालं."

पहाटे टोक ओढायचं काम माझं. मला आपोआप जाग यायची. हात खाली सोडायचा, मणी शोधायचा, ओढायचं... बाज जराशी बाजूला ढकलायची. मिलिंद अर्धवट झोपेत रोज कुरकुरायचा. "रोज बांधा, रोज सोडा. गुरं हाव का आपुन? एकदा कुटंतरी निरगाठ मारायची हाय मला, पाटील. मारायची अन् दुपारपस्तोर झोपायचं."

लॉजच्या मालकांना सगळे चाचा म्हणायचे. भला माणूस. आम्ही दोघं एका मच्छरदाणीत कोंबून झोपतो हे त्यांना बघवेना. एक दिवस ते नवी कोरी मच्छरदाणी घेऊनच वर आले. "लो साब. कबतक तकलीफ उठाते? एक तुमकू, एक इनकू." गच्चीभर लोक बघत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आभार कसे मानले ते मला आठवत नाही. मिलिंदनं मात्र ती मच्छरदाणी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि तशीच उचलून तलाठ्यांच्या बाजेवर ठेवली. म्हणाला, "यांचं रगत गोड हाय, चाचा. रातभर खाजवायलेत बिचारे. आमचं चाललंय."

चाचांचे डोळे भरून आले. पोरगा असावा तर असा, हे त्यांनी गोलाईतल्या चहावाल्यापासून मशिदीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघं खोलीचं दार लावून पोट दुखेपर्यंत हसलो. आजही ती मच्छरदाणी आठवली की मला एकट्याला हसू फुटतं.

चाचा पहाटे टँकरसाठी सगळ्यांना उठवायला गच्चीवर यायचे आणि यायच्या आधी जिन्यात खालपासूनच खोकायचे. मोठ्यानं, थांबून थांबून. तेव्हा मला वाटायचं, बिडीचा खोकला. आता तसं वाटत नाही.

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती. लोक त्या काळाला दुष्काळ म्हणतात आणि मीही चारचौघांत तेच म्हणतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, मला लांबवता येत नाही. मिलिंदची बदली झाली, तिकडं कावीळ झाली, आणि निरोप माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तो गेलेला होता. मी औशाला त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची आई म्हणाली, "तुमची लई याद काढायचा." मी तिथं रडलो नाही. रूममेटनं किती रडायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

सुतळीचं, गाठीचं, पाण्याचं मी कोणाला म्हणजे कोणालाही कधी सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा.

आता गंगाधर. हा देगलूरचा, शाळेत गणित शिकवायचा. आमची ओळख अशीच नांदेडला एका मित्राकडे झाली आणि गेली दहा-बारा वर्षं आम्ही... आहोत. शनिवारी तो देगलूरच्या गाडीनं यायचा, रविवारी परत. लाडात आला की मला तेलुगूत 'एमय्या' म्हणतो, म्हणजे 'काय हो'. चिडला की शुद्ध मराठीत येतो. वर्षातून एकदा आम्ही परदेशात जायचो, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही तिथं.

हॉटेल निवडणं माझ्याकडे. आणि मी ते काम बोअरची जागा निवडावी तसं करायचो, आठवडेच्या आठवडे. लोकांचे रिव्ह्यू वाचायचे. दोन पुरुषांना रिसेप्शनवर कशी वागणूक मिळाली? दारावर इंद्रधनुष्याचं स्टिकर आहे का? आपले लोक जातात ते बार तिथून चालत जाण्यासारखे आहेत का, की टॅक्सी लागते? सगळी चौकशी झाली, हॉटेल पसंत पडलं, की शेवटी तो प्रश्न यायचा... डबल की ट्विन? एक मोठा पलंग, की दोन वेगवेगळे? आणि माझा हात दर वेळी ट्विनवर जायचा. रिसेप्शनवरची ती पोरगी आपले दोन पासपोर्ट आणि तो एक पलंग बघेल, या विचारानंच मला घाम फुटायचा. कोणी आपल्याला काही करणार नाही, कळत होतं. लातूरच्या गच्चीवर जमलं ते मला बँकॉकच्या एसीत जमत नव्हतं.

गंगाधरनं बरीच वर्षं चालवून घेतलं. मग तो रिटायर झाला आणि म्हणाला, "मी आता नांदेडलाच राहायला येतो. तुझ्याकडे." मी म्हणालो, बघू. महिनाभरानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बघू. सोसायटीतले लोक, माझा पुतण्या, वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार... माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता.

बँकॉकचं बुकिंग करायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "या खेपेला डबल घे. मग मला तोंडानं उत्तर नको."

मी ट्विन घेतलं. का, ते विचारू नका. कर्सर डबलवर नेला होता मी, शपथ.

हॉटेल छोटं, जुनं, सिलोम भागातल्या एका गल्लीत. खोलीत लाकडी पायांचे दोन पलंग, मध्ये छोटं टेबल, त्यावर दिवा. गंगाधर दारातच थांबला. बॅग खाली ठेवली. शुद्ध मराठीत म्हणाला, "ठीक आहे. मला उत्तर मिळालं. देगलूरला पुतणी आहे माझी, तिच्या शेजारचं घर रिकामं आहे. आपण येत-जात राहू." आवाज चढला नाही की काही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी चष्मा आणि गोळ्या टेबलावर मांडत बसलो. मांडायला फार काही नव्हतं तरी बराच वेळ मांडल्या.

तरी संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो. आलोच आहोत तर बघू, असं. ती गल्ली ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे. दोन्ही बाजूंना बार, रस्त्यातच खुर्च्या, आमच्या वयाची टक्कल पडलेली माणसं एकमेकांचे हात धरून बसलेली, आणि स्टेजवर पिसांचा मुकुट घातलेली एक सहा फुटी 'बाई' प्रेक्षकांना शिव्या घालतेय. गंगाधरला तिनं वर ओढलं. आणि हा गणिताचा मास्तर, अहो, देगलूरच्या वरातीत बँडपुढे नाचतात तसा नाचला! दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या, खांदे उडवतोय, रुमाल फिरवतोय. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती. मी बिअरचा ग्लास बशी धरावी तसा दोन्ही हातांत धरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस आपल्या हातून चाललाय. मिलिंदला देवानं नेलं. याला आपण आपल्या पायानं घालवतोय.

परत आलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. दारावर 'डिस्टर्ब करू नका'ची पाटी, आम्ही लावली होती तशीच. कार्ड एकच, माझ्या खिशात. दार उघडलं.

पलंग जोडलेले होते.

टेबल खिडकीशी सरकवलेलं. त्यावर माझा चष्म्याचा डबा आणि गोळ्या, मी मांडल्या त्याच क्रमानं. दोन पलंगांच्या मधल्या फटीवर एक पांढरं ब्लँकेट, लांबट घडी करून.

गंगाधर माझ्याकडे वळला. त्याचे डोळे डबडबले होते. "एमय्या... कधी केलंस रे हे?"

आणि मी त्याच वेळी म्हणत होतो, "तू केलंस ना?"

आम्ही निघाल्यापासून एकमेकांच्या नजरेआड झालो नव्हतो. मी खाली फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुम्ही गेल्यापासून आत्ताच दार उघडलंय, कॉम्प्युटरवर तसं दिसतं. मग तिनंच काळजीनं विचारलं, पलंग वेगळे करायला माणूस पाठवू का? गंगाधरनं फोन माझ्या हातातून घेतला. "नो नो. थँक्यू. व्हेरी गुड."

मी गुडघे टेकून खाली बघितलं. का बघितलं सांगता येणार नाही, पण बघायच्या आधीच मला माहीत होतं.

सुतळी. तागाची, आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळते तसली. उशाशी एक, पायथ्याशी एक. आमच्या सामानात सुतळी नव्हती. मी लोणच्याची बरणी नायलॉनच्या दोरीनं बांधून आणली होती. हात लावला तर... ओली. एसी रात्रभर चालू, खोली कोरडी ठाक, आणि सुतळी आत्ता पेल्यातून काढावी इतकी ओली. मी टोक शोधलं. बोटाला मणी लागला.

मी तिथंच फरशीवर बसून रडलो. रूममेटनं रडावं तसं नव्हे. गंगाधर घाबरून पाठीवर हात फिरवत होता आणि मी त्याला गच्चीपासून सगळं सांगत सुटलो... डास, तलाठी, चाचांचा खोकला, सगळं. मिलिंद हे नाव मी त्याच्यापुढे त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आता सोड ती गाठ. पहाट झाली ना. तुझंच काम ते."

मी मणी धरला आणि ओढला. रोज ओढायचो तसाच.

सुटली नाही.

दुसऱ्यांदा, जोर लावून. मग मी मोबाइलचा उजेड पाडून नीट बघितलं. बाकी सगळं त्याचंच होतं, फक्त टोक शेवटच्या फेऱ्यातून पूर्ण आत घेऊन आवळलेलं होतं. निरगाठ होती.

आम्ही दुपारपर्यंत झोपलो.

माझा अनुभव एवढाच. मी स्वतः सगळी कारणं तपासलीत. कॉम्प्युटर चुकू शकतो. हॉटेलची माणसं पलंग जोडतात, त्यात नवल नाही. पण ओल्या तागाच्या सुतळीनं बांधत नाहीत, आणि टोकाला मणी तर मारतच नाहीत. ज्याला हे माहीत होतं तो माणूस जाऊन चाळीस वर्षं होत आली. आता पाणाड्या नारळ घेऊन फिरताना दिसला तर मी हसत नाही, एवढाच माझ्यात फरक पडलाय. विश्वास बसलाय असंही नाही. कोणाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा.

गंगाधर नांदेडला राहायला आला. फौजदारांनी जिन्यात विचारलं, "कोण हो हे?" मी म्हणालो, "माझे आहेत." त्यांनी मान डोलावली आणि दुधाची पिशवी घेऊन वर गेले. फर्निचरच्या दुकानात गंगाधर डबल बेड बघायला लागला, तेव्हा मात्र मी अडून बसलो. दोन सिंगल घेतले, आणि एक सुतळीचा गुंडा.

गाठ मी मारली. भिजवून. आज इतके दिवस झाले, तरी पहाटे मला आपोआप जाग येते. हात खाली जातो, मणी शोधतो, ओढतो. सुटत नाही. मग मी कूस बदलून पुन्हा झोपतो.